जुना कॅमेरा आणि घरची डार्करूम

१८९७ च्या जुलैत सॉलोमन आंद्रे हा स्वीडिश अभियंता दोन सोबत्यांना घेऊन हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिसऱ्याच दिवशी फुगा बर्फावर उतरला. तिथून तिघांनी पायी परतीची वाट धरली, पण स्वालबार्डच्या पूर्वेकडच्या क्विटोया या ओसाड बेटावर त्यांचा अंत झाला. पुढची ३३ वर्षे त्यांचा ठावठिकाणा कुणालाच लागला नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये एका नॉर्वेजियन मोहिमेला त्या बेटावर त्यांच्या तळाचे अवशेष सापडले आणि पुढे तिथूनच त्या दोन सोबत्यांपैकी निल्स स्ट्रिंडबर्गने काढलेल्या फोटोंच्या फिल्मही हाती आल्या. बर्फात, ओलीत, तीन दशकांहून अधिक काळ पडलेल्या या फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी अतिशय सावधपणे धुतल्या. सुमारे २४० फोटोंपैकी ९३ वाचले. कलंडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध फोटो.

शटर उघडले त्याच क्षणी फोटो निघालेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण फिल्मवर असतो आणि धुतला जाईपर्यंत टिकून राहतो. तो बाहेर काढण्याची रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. त्यासाठी ना मोठी प्रयोगशाळा लागते, ना महागडे यंत्र. अंधार, तापमान आणि वेळ या तीन गोष्टी सांभाळता आल्या, की घरच्या न्हाणीघरातही हे काम उत्तम होते. ते कसे करायचे आणि त्यामागचे रसायनशास्त्र काय, हे या प्रकरणात पाहू.

घरात सापडणारे कॅमेरे

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जुना कॅमेरा निघाला, तर तो बहुधा आग्फाचा असतो. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेले क्लिक थ्री आणि आयसोली हे कॅमेरे एका पिढीच्या लग्नामुंजींचे आणि सहलींचे साक्षीदार आहेत. दोन्हींत १२० क्रमांकाचा रोल लागतो. क्लिक थ्रीमध्ये त्यावर १२ चौकोनी फोटो निघतात, तर आयसोलीत त्याहून लहान असे १६. हा १२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये बाजारात आणला आणि तो आजही नवाकोरा मिळतो. त्यामुळे आजोबांचा क्लिक थ्री आजही चालवता येतो.

सगळ्याच कॅमेऱ्यांचे नशीब एवढे चांगले नाही. कोडॅकच्या कित्येक ब्राउनी कॅमेऱ्यांना ६२० चा रोल लागतो आणि तो कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. मात्र ६२० ची फिल्म आणि १२० ची फिल्म एकच आहे. फरक फक्त स्पूलच्या जाडीचा. म्हणून जुना ६२० चा स्पूल जवळ असेल, तर अंधारात १२० ची फिल्म त्यावर गुंडाळून घेता येते. कॅमेऱ्यात एखादा रिकामा स्पूल अडकलेला दिसला, तर तो टाकून देऊ नका.

रोल भरण्याआधी कॅमेरा तपासून घ्यावा. मागचे झाकण उघडून शटर दाबा आणि ते पूर्ण उघडून मिटते का ते पाहा. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता असेल, तर अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा. भात्याला भोक असेल तर प्रकाशाचा ठिपका लगेच दिसतो. भिंग उजेडाकडे धरून पाहा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणामुळे भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती थोडी असेल तर फोटो किंचित धूसर येतो, एवढेच.

मागच्या झाकणावर लाल काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा पाहून फिल्म पुढे सरकवायची. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जाणवत नसे, म्हणून त्या काळी ही खिडकी निर्धोक होती. आजच्या पँक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग जाणवतात. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवताना ती सावलीत क्षणभर उचला. फिल्म निवडताना १०० किंवा १२५ वेगाची घ्या. या कॅमेऱ्यांचे शटर मंद असते आणि ते बनले तेव्हाच्या फिल्मही मंद असत. भर उन्हात ४०० ची फिल्म वापरली, तर निगेटिव्ह अकारण दाट होते.

न दिसणारा फोटो

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक स्फटिक विखुरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि स्फटिकातल्या एखाद्या सदोष जागी अडकतो. तिथे चांदीचा आयन ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे काही मोजके अणू एकाच जागी जमले, की तो स्फटिक धुतला जायला तयार झाला. रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये ही उपपत्ती मांडली. अब्जावधी अणूंच्या स्फटिकात चांदीचे मूठभरच अणू असतात, म्हणून हा फोटो डोळ्यांना दिसत नाही. याला गुप्त प्रतिमा म्हणतात.

डेव्हलपरचे काम पुढचे. ज्या स्फटिकावर हे मोजके अणू आहेत, तो आख्खा स्फटिक डेव्हलपर काळ्या धातुरूप चांदीत बदलून टाकतो. ज्या स्फटिकावर प्रकाश पडलेला नाही, त्याला तो ठरलेल्या वेळात जवळजवळ हात लावत नाही. ‘ठरलेल्या वेळात’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे. वेळ वाढवली किंवा द्रावण गरम झाले, की डेव्हलपर प्रकाश न लागलेल्या स्फटिकांनाही काळे करू लागतो आणि सगळी फिल्म करडी पडते. फिल्म धुण्यातली सगळी शिस्त या एका गोष्टीतून आली आहे.

डेव्हलपरची पाककृती

कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफने १९२७ मध्ये तयार केलेला डी-७६ हा डेव्हलपर आजही जगभर वापरतात. एक लिटर द्रावणात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स, एवढाच त्याचा नुस्खा. मेटॉल प्रतिमा झपाट्याने उमटवायला सुरुवात करते. हायड्रोक्विनोन एकटे या द्रावणात फारसे काही करत नाही, पण थकलेल्या मेटॉलला ते पुन्हा ताजे करते. म्हणून दोघांचे एकत्रित काम त्यांच्या सुट्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. सल्फाइट हवेतल्या ऑक्सिजनपासून द्रावण वाचवते आणि बोरॅक्स ते सौम्य अल्कधर्मी ठेवते.

तयार पुडी मिळाली तर उत्तमच. सुटी रसायने विकत घेऊन घरी बनवायचा असेल, तर साधारण ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सल्फाइट आणि शेवटी बाकीची दोन रसायने, असा क्रम ठेवा. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल नीट विरघळत नाही. द्रावण गार झाल्यावर तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा.

फिल्म मात्र आज आयात करावी लागते. एके काळी तसे नव्हते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म आणि फोटोचा कागद तयार होई. तो कारखाना बंद पडला. भारतीय फिल्म असण्याचे महत्त्व आपण वेळेवर ओळखले नाही, याची खंत वाटते.

अंधारातले काम

फिल्म रीळावर चढवून उजेड आत न येणाऱ्या टँकमध्ये भरण्याची पाच मिनिटेच काय ती पूर्ण अंधाराची. टँकचे झाकण लागले, की पुढचे सगळे काम उजेडात करता येते. रात्रीची वेळ निवडा, खिडकी नसलेले न्हाणीघर गाठा, दाराच्या फटीला टॉवेल लावा. दिवा मालवून पाच मिनिटे शांत बसा. डोळे सरावल्यावर कुठूनही उजेडाची रेघ दिसली, तर ती आधी बुजवा. आत हात घालून अंधारात काम करायची चेंजिंग बॅगही मिळते, पण आपल्याकडच्या उकाड्यात तिच्यात हात घामेजतात आणि फिल्म रीळाला चिकटते.

१२० च्या रोलमध्ये फिल्मच्या मागे कागद असतो. अंधारात कागद उलगडत जा. काही अंतरावर बोटांना फिल्मची कड लागते. ती सुटी गुंडाळू द्या. शेवटी फिल्म चिकटपट्टीने कागदाला जोडलेली असते. ही पट्टी हळूहळू सोडवा. ती झटक्याने ओढली तर सुटणाऱ्या गोंदाच्या रेषेवर निळसर प्रकाश चमकताना दिसतो आणि तो फिल्मवर उमटू शकतो. मग फिल्मची कड रीळाच्या खाचेत सरकवून दोन्ही हातांनी रीळाच्या बाजू मागेपुढे फिरवत ती आत घ्यायची. रीळ ठणठणीत कोरडे हवे. थेंबभर ओल असली तरी फिल्म मध्येच अडते, आणि अंधारात अडलेली फिल्म जबरदस्तीने ढकलली तर तिला चंद्रकोरीच्या आकाराचे डाग पडतात. एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. हात बसल्याखेरीज खरा रोल हाती घेऊ नका.

पाणी, बर्फ आणि घड्याळ

फिल्म किती वेळ धुवायची याचे जगभरचे तक्ते २० अंश सेल्सियस धरून छापलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा पुण्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या वर जाते. इतक्या गरम द्रावणात जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि नखाच्या स्पर्शानेही खरवडते. उपाय सोपा आहे. एका टबात पाणी घ्या, त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि टबात बर्फ घाला. बर्फ टबात, द्रावणात नाही. थर्मामीटरवर लक्ष ठेवा. तिन्ही बाटल्या एकाच तापमानाला आल्या पाहिजेत, कारण थंड डेव्हलपरमधून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली, तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात.

२० अंश साधले नाहीत तरी बिघडत नाही. २४ अंशांना वेळ साधारण ३० टक्क्यांनी कमी करायची. उदाहरणार्थ, इलफर्डच्या एफपी४ प्लस फिल्मला डी-७६ मध्ये तितकेच पाणी मिसळून २० अंशांना ११ मिनिटे लागतात. २४ अंशांना तेच काम पावणेआठ मिनिटांच्या आसपास होते. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल इतके तापमान मात्र वाढू देऊ नये, कारण मग फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही.

१२० च्या एका रोलला ५०० मिलिलिटर द्रावण लागते. डेव्हलपर टँकमध्ये ओता, घड्याळ सुरू करा, पहिली दहा सेकंदे टँक चार वेळा उलटासुलटा करा आणि ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतील. मग दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत तेच. हलवणे कमी पडले तर फिल्मवर पट्टे येतात, जास्त झाले तर काळे-पांढरे फार तीव्र होते. वेळ संपण्याआधी दहा सेकंदे ओतायला सुरुवात करा. त्यानंतर सौम्य ॲसिटिक ॲसिड किंवा नुसते स्वच्छ पाणी घालून अर्धा मिनिट हलवा.

आता फिक्सर. न वापरलेले चांदीचे क्षार फिल्मवर राहिले, तर उजेडात ते काळे पडत जातील. ते विरघळवून टाकण्याचा गुण सोडियम थायोसल्फेटमध्ये, म्हणजे हायपोमध्ये, आहे. हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच टिपून ठेवला होता. तेव्हा फोटोग्राफी जन्मायची होती. २० वर्षांनी त्याच ज्ञानाने फोटो कायमचे टिकू लागले. एक लिटर पाण्यात २५० ग्रॅम हायपो, आणि साधारण दहा मिनिटे. तयार रॅपिड फिक्सर असेल तर तीन ते पाच मिनिटे पुरतात. फिक्सरचा जोर तपासायचा असेल तर फिल्मचा एक निकामी तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या.

धुण्यासाठी नळ तासभर सोडून ठेवण्याची गरज नाही. पाणीटंचाईच्या गावातही जमेल अशी इलफर्डची रीत आहे: टँक भरा, पाच वेळा उलटसुलट करा, पाणी ओता, दुसऱ्या पाण्यात दहा वेळा, तिसऱ्यात वीस वेळा. तांदूळ धुतो तसे पाणी बदलत गेले की काम होते. बोअरचे जड पाणी असेल, तर शेवटची खळबळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा, नाहीतर निगेटिव्हवर चुन्याचे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरण्यासाठी मिळते तेच हे पाणी. मग फिल्म क्लिपने टांगा, खाली वजनाला दुसरी क्लिप लावा आणि पंखा बंद ठेवा. ओल्या जिलेटिनवर बसलेली धूळ पुन्हा निघत नाही.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज आणि चट्टे येतात, म्हणून हातमोजे घाला. या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका आणि बाटल्यांवर ठळक नाव लिहा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो गटारात किंवा झाडांना न घालता वेगळ्या कॅनमध्ये साठवा. चांदी परत काढणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

फाळक्यांच्या घरातली डार्करूम

घरी फिल्म धुण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरात कामाला लागले. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा छोटा चित्रपट करून त्यांनी भांडवल उभे केले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या वेळच्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती घरीच पाडावी लागत. भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे या सगळ्यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबल्या, आणि तेही घरच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या घरगुती अंधारकामाला मानाचे पान मिळायला हवे.

कॅमेऱ्यात राहिलेला रोल

जुन्या कॅमेऱ्यात कधी कधी अर्धवट वापरलेला रोल असतो. लाल खिडकीत आकडा दिसला, तर झाकण उघडू नका. रोल शेवटपर्यंत फिरवून घ्या, मंद उजेडात बाहेर काढा आणि त्यावरचे नाव वाचा. कृष्णधवल असेल तर आशा चांगली. उष्णतेने आणि निसर्गातल्या किरणोत्साराने सगळी फिल्म थोडी करडी झालेली असते. डेव्हलपरमध्ये लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घातले तर हा करडेपणा आटोक्यात राहतो.

रंगीत रोलांची गोष्ट वेगळी. आज चालणारी सी-४१ ही पद्धत १९७२ मध्ये आली. त्याआधीचे बरेच रोल सी-२२ या जुन्या पद्धतीसाठी बनलेले आहेत. सी-४१ च्या ३८ अंशांच्या द्रावणात त्यांचा थर सुटू शकतो. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती आणि तिनेही २०१० च्या अखेरीस ते काम थांबवले. असे रोल कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवायचे. रंग मिळत नाहीत, माणसे मिळतात.

अशा रोलसाठी अनेक जण कॅफेनॉल वापरतात. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये कॉफी आणि सोडा वापरून फिल्म धुऊन दाखवली. पुढे त्यात सी जीवनसत्त्वाची भर पडली. एक लिटर पाण्यात ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, २० अंश, १५ मिनिटे. जुन्या रोलसाठी वर सांगितलेले ब्रोमाइड यातही घालतात. कॉफी चिकोरी नसलेली घ्या आणि खाण्याचा सोडा चुकूनही वापरू नका. त्याने फिल्म धुतली जाणार नाही. सोडा स्फटिकांच्या रूपात मिळाला, तर वजन सुमारे पावणेतीनपट धरा. वास उग्र येतो, निगेटिव्ह मात्र चांगले येते.

धुतलेला रोल वाळला की मोबाइलच्या किंवा टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर, मध्ये थोडे अंतर ठेवून, निगेटिव्ह धरा, त्याचा फोटो घ्या आणि रंग उलटवा. जुन्या अल्बममधले छोटे चौकोनी फोटो निगेटिव्हच्याच मापाचे असतात, कारण ते निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेले असत. तशी छपाईही घरी करता येते. लाल दिवा, कागद आणि एक काच एवढे पुरते.

एक विनंती आहे. तुमच्या घरी, आजोळी किंवा गावच्या वाड्यात जुना कॅमेरा असेल, तर या आठवड्यात तो बाहेर काढा. आत रोल असेल तर झाकण उघडू नका. कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि तो कुणाचा, कुठल्या काळातला हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा. मग एक नवा रोल आणा, त्याच कॅमेऱ्याने घरच्यांचे फोटो काढा आणि तो रोल स्वतः धुवा. पहिला रोल नेहमी ताजा असावा, म्हणजे चुकले तरी फोटो पुन्हा काढता येतात. जुना रोल धुण्याची संधी एकदाच मिळते. हात बसल्यावर त्याला हात घाला, पण मग फार थांबूही नका. आपल्या हवेत दर उन्हाळा त्या रोलमधला थोडा थोडा फोटो पुसत असतो.